गोळीचे पैसे कोणाचे?

अमरावती-नागपूर महामार्गावरच्या नांदगाव पेठला एमआयडीसी आली, टेक्स्टाइल पार्क उभा राहिला. तिथल्या कर्मचारी राज्य विमा लागू असलेल्या कारखान्यात २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या उपचाराचा भार तिघं उचलतात. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो, थोडा वाटा सरकारचा.

शेजारच्या शिवारात राबणाऱ्या मजुराला असा मालक नाही.

त्याच्यासाठी २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना आली. पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होतं. पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. अँजिओप्लास्टी झाली, पैसे सरकारने भरले, चांगलंच झालं. पण योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णाची. बीपी-शुगरची रोजची गोळी तिच्यात बसत नाही, आणि घराला पोखरते ती हीच.

१५ ऑगस्ट २०२३पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे. म्हणजे ही गोळीही आरोग्य केंद्रात फुकट. साठा संपला, की मात्र ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी हाती पडते आणि खर्च गुपचूप रुग्णाच्या खिशात सरकतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या आरोग्यखर्चात लोकांच्या खिशाचा वाटा २०१३-१४मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२मध्ये ३९.४. उतार मोठा आहे, तरी शंभरातले चाळीसेक रुपये अजून आजारी माणसाच्याच घरचे.