कानातली तिसरी खिडकी

स्वतःचे डोळे फिरल्याचा आवाज तुम्ही कधी ऐकला आहे का? हसू नका! काही रुग्ण डॉक्टरांकडे खरोखरच अशी तक्रार घेऊन येतात. मोठा आवाज झाला की त्यांना समोरची भिंत हलताना दिसते. अशा बोलण्यावर कोणाचा विश्वास बसणार?

कवटीच्या शंखास्थीत आंतरकर्ण असतो. त्यात ऐकण्यासाठी गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नळी आणि तोलासाठी तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. सगळीकडे द्रव भरलेला असतो. ध्वनीमुळे रिकिबीसारखे इवलेसे हाड एक खिडकी आत दाबते. द्रव काही आकसत नाही, म्हणून दुसऱ्या खिडकीचा पडदा तेवढाच बाहेर फुगतो. नलिका हाडात बंदिस्त असल्याने तेथील द्रव स्वस्थ राहतो. पण त्या हाडालाच भोक असेल तर? दाबाला तिसरी वाट मिळते, नलिकेतला द्रव हलतो आणि मेंदूला वाटते, डोके फिरले! शिवाय शरीरातले बारीकसारीक आवाजही मोठे ऐकू येतात.

इटलीच्या पिएत्रो तुल्यो यांनी १९२९ साली कबुतरांच्या नलिकांना भोके पाडून ध्वनीने येणारी ही भोवळ दाखवली होती. माणसांतला दोष मात्र १९९८ साली उजेडात आला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथील डॉ. लॉइड मायनर व सहकाऱ्यांना, सी. टी. चित्रांत, अशा रुग्णांच्या वरच्या नलिकेवरचे हाडच नाहीसे आढळले.

साध्या क्ष-किरण चित्रात सगळी हाडे एकमेकांवर पडतात. सी. टी. यंत्र मात्र रुग्णाभोवती फिरून किरण सोडते आणि संगणक त्यावरून काकडीच्या चकत्यांसारखी चित्रे रचतो. गंमत अशी की चकती जाड असली, तर पातळ पण शाबूत हाडही भोकासारखे दिसते! म्हणून सुमारे अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ चकत्या घेतात आणि नलिकेच्या पातळीत चित्र पुन्हा रचतात. (एम. आर. आय. चित्रात द्रव आणि मज्जातंतू छान दिसतात, हाड नाही.) एवढे करूनही नुसत्या चित्रावर भिस्त ठेवत नाहीत. श्रवणाची चाचणी घेतात, आवाज ऐकवून डोळे कसे हलतात ते पाहतात. कारण त्रास फारच असेल तर पुढची पायरी शस्त्रक्रियेची असते. रुग्णाच्याच शरीरातील ऊती व हाडाचा भुगा वापरून ते भोक बुजवतात. ती नलिका मग कामातून जाते, पण बाकीच्या नलिकांवर मेंदू हळूहळू तोल सांभाळायला शिकतो.