‘ओळखलं का?’ विचारण्याआधी

‘घरात कुणाच्या लग्नाचं ठरत असलं, तर आजी-आजोबा त्यात आपलं मत देतात का?’

हा प्रश्न एका वैद्यकीय प्रश्नावलीतला आहे. हरियाणातल्या बल्लभगड भागातल्या खेड्यांत १९९०च्या दशकात भारतीय आणि अमेरिकी संशोधक स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करत होते. पाश्चात्त्य देशांतल्या चाचण्यांत आजची तारीख विचारतात, कागदावर एक वाक्य लिहायला सांगतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात. शाळेची पायरीही न चढलेली सत्तरीची बाई त्यात नापास व्हायची, मग तिची स्मरणशक्ती कितीही खणखणीत असो. म्हणून संशोधकांनी अक्षरओळख नसलेल्यांनाही देता येईल अशी हिंदी चाचणी तयार केली आणि तिच्या जोडीला घरच्यांना विचारायचे काही साधे प्रश्न ठरवले. नुकतंच जेवण झालेलं असताना पुन्हा जेवायला मागतात का? होळी-दिवाळी आल्याचं लक्षात असतं का? निरोप सांगितला तर पोचवतात का? हातात घेतलेलं काम अर्ध्यावर टाकून उठतात का? आपल्याच गावात वाट चुकतात का?

हे प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्यात एक शब्द न बदलता विचारता येतील. पूर्णा तालुक्यातलं हे गाव पूर्णा-नांदेड लोहमार्गावर आहे. इथल्या घरांतही म्हातारपणीच्या विसराळूपणाला ‘चळ लागला’ म्हणून मोकळं होण्याची रीत आहे. या प्रश्नावलीत माणूस किती आजारी आहे हे ठरतं ते तो गावाच्या आणि घराच्या व्यवहारात किती उरला आहे यावरून. सण, निरोप, काम, सोयरीक यांतून त्याचं अंग कितपत निघालं, हे ती मोजते. मग उलटही विचारायला हवं. त्याला या व्यवहारात धरून ठेवलं, तर काय होतं?

आधी आकडा पाहू. देशभरातल्या ज्येष्ठांच्या ‘लासी-डॅड’ या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त निघालं. गावची हवा, गावची माणसं, तिथं कुठला आलाय असला आजार, असं समजणाऱ्यांना हा निष्कर्ष जड जाईल. पण कमी शिक्षण, न तपासलेला रक्तदाब, वाढलेली साखर, बहिरेपण आणि वेळेत न काढलेला मोतीबिंदू हे सगळं खेड्यात भरपूर असतं. लॅन्सेट आयोगाच्या २०२४च्या अहवालात बदलता येण्यासारखे चौदा धोके सांगितले आहेत, त्यांत ही सगळी मंडळी हजर आहेत. एकाकीपणाही आहे. तो भरल्या घरातही असतो.

स्मृतिभ्रंशाचं सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे अल्झायमर. त्यात मेंदूची पडझड एका वेळी सगळीकडे होत नाही. सहसा पहिला तडाखा बसतो तो हिप्पोकॅम्पस या भागाला. आज सकाळी काय घडलं, कोण येऊन गेलं, याची नवी नोंद हा भाग करतो. म्हणून आजोबा तोच प्रश्न पाच वेळा विचारतात. त्यांच्या दृष्टीनं तो पहिल्यांदाच विचारलेला असतो. हातांना झालेली सवय मात्र मेंदूच्या वेगळ्याच यंत्रणेत साठते, लहान मेंदूत आणि खोलवरच्या गाठींत. हे दोन साठे निराळे आहेत हे कॅनडातल्या ब्रेंडा मिल्नर यांनी हेन्री मोलेसन या रुग्णावर दाखवून दिलं. १९५३ साली फिट थांबवण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेत त्याचे हिप्पोकॅम्पस बव्हंशी काढले गेले आणि नवं काही लक्षात राहणंच संपलं. मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला लावली. हे काम वाटतं त्याहून अवघड आहे. रोजच्या सरावानं त्याचा हात तिसऱ्या दिवसापर्यंत सफाईदार झाला, आणि आपण हे कधी केलं होतं याचा त्याला पत्ताही नव्हता.

सुपात तूर घेऊन खडे निवडणारी, शेंगा फोडणारी, देवाच्या वाती वळणारी, लसूण सोलणारी आजी ही हाताच्या याच शहाणपणावर चालते. अंबाडीचं चऱ्हाट वळणारे आजोबाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन कॅम्प यांनी १९९०च्या दशकात मुलांसाठीची मॉन्टेसरी पद्धत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी बेतली. खरीखुरी वस्तू हातात द्यायची, काम लहान-लहान टप्प्यांत मांडायचं, चुकायला फारशी जागा ठेवायची नाही, आणि त्या माणसाला एक भूमिका द्यायची. तिकडे या कामांसाठी साहित्य मुद्दाम तयार करावं लागतं. चुडाव्यात तुरीतले खडे निवडायचेच असतात.

आणि नेमकं इथंच घर चुकतं, तेही मायेनं. एकदा भाजीत दोनदा मीठ पडलं की सून म्हणते, ‘आत्या, राहू द्या, मी करते.’ पुढे निवडणंही जातं, कारण त्यात एखादा खडा राहतो. मग दळण, मग दुकानातून साखर आणणं. आजीला काहीच करावं लागत नाही, असं शेजारी कौतुकानं सांगतात. विळी आणि चूल तिच्यापासून दूर ठेवणं समजण्यासारखं आहे. सूप काढून घेण्याचं काहीही कारण नाही.

गाण्याची गोष्ट तर आणखी थक्क करणारी. जर्मनीत लायप्झिगच्या संशोधकांनी २०१५ साली निरोगी तरुणांना जुनी ओळखीची, नुकतीच ऐकलेली आणि अनोळखी अशी गाणी ऐकवली आणि त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. फार पूर्वीपासून माहीत असलेल्या सुरावटीला मेंदूचा कोणता भाग साद देतो ते त्यातून कळलं. मग अल्झायमरच्या रुग्णांमध्ये तोच भाग तपासला. रोगाचं अमायलॉइड हे प्रथिन तिथंही साचत होतं, पण पेशींचा ऱ्हास इतर भागांच्या मानानं खूपच कमी होता. मुलाचं नाव न आठवणारी बाई अख्खा अभंग चालीसकट म्हणते, याला असा शारीरिक आधार असू शकतो.

परभणी जिल्ह्याला या बाबतीत काही कमी नाही. गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभा केला, त्यात लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि चुडाव्याच्याच तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाजही त्यात आहे. २०१७पासून ‘परी’ या संकेतस्थळावर या ओव्या प्रसिद्ध होऊ लागल्या. आता दळण गिरणीतून येतं आणि जातं बाहेर निघतं ते लग्नात, घाणा भरताना. साठ-सत्तर वर्षांपूर्वी पहाटे जात्यावर बसलेल्या मुली आज आजी-पणजी झाल्या आहेत. त्यांच्यासमोर जातं मांडलं, खुंट्याला हात लागला, की ओवी येण्याची शक्यता बरीच असते. शक्यता म्हटलं, कारण हा काही चमत्कार नाही आणि प्रत्येकीला गाण्याची आवड होती असंही नाही.

आता मत देण्याच्या प्रश्नाकडे येऊ. स्मृतिभ्रंशावरच्या बिनऔषधी उपायांत सर्वांत भक्कम पुरावा ज्यांच्यामागे आहे, त्यांपैकी एक म्हणजे बोधनिक उद्दीपन उपचार. लंडनच्या एमी स्पेक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली २०१ रुग्णांवर त्याची चाचणी प्रसिद्ध केली. लहान गट, आठवड्यातून दोनदा, सात आठवडे, एकूण चौदा बैठका. गाणी, पदार्थ, बालपण, चालू घडामोडी असे विषय. फायदा माफक होता, पण त्या काळच्या औषधांच्या तोडीचा. चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेत ही पद्धत तमिळ माणसांसाठी बेतली गेली. तिचं एक मुख्य सूत्र असं आहे की माहिती विचारायची नाही, मत विचारायचं.

आपण नेमकं उलटं करतो. पुण्याहून नातू आला की घरातलं प्रत्येक माणूस आजोबांची तोंडी परीक्षा घेतं. ‘सांगा बरं, कोण आलंय? ओळखलं का? नाव काय याचं?’ आजोबा कसनुसं हसतात, नाहीतर चिडतात. उत्तर बरोबर आलं तरी त्यांना काही मिळत नाही, आणि चुकलं तर चारचौघांत फजिती. त्याऐवजी ‘आजोबा, मी सुनील, तुमचा नातू. यंदा सोयाबीन बरं की कापूस?’ असं विचारलं, तर त्याला चुकीचं उत्तरच नाही.

जुन्या आठवणींनाही असंच वळण देता येतं. माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत ठळकपणे राहतात, असं मानसशास्त्रात पुन्हापुन्हा दिसलं आहे. आज पंचाहत्तरीच्या आसपास असलेली मराठवाड्यातली माणसं १९७२च्या दुष्काळात ऐन विशीत होती. खडी फोडायची कामं, मिळणारी सुकडी, मिलोची लाल भाकरी. ‘दुष्काळ किती साली पडला?’ हा परीक्षेतला प्रश्न झाला. ‘सुकडी बरी लागायची की मिलोची भाकर?’ यावर पारावर तासभर वाद होऊ शकतो, आणि त्या वादात ज्याची स्मृती गेली आहे तो इतरांच्या बरोबरीनं बोलू शकतो. पूर्णेच्या मीटरगेजच्या दिवसांबद्दल, कोळशाच्या इंजिनाबद्दलही तसंच.

बऱ्याच रुग्णांची अस्वस्थता संध्याकाळी वाढते. ‘मला घरी जायचंय’ असं स्वतःच्याच घरात बसून म्हणतात, दाराकडे धाव घेतात. शरीराचं घड्याळ चालवणारा मेंदूतला भागही या आजारात झिजतो, हे त्याचं एक कारण मानतात. नेदरलँड्समधल्या बारा निवासांतल्या १८९ वृद्धांवरच्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवसभर भरपूर उजेड ठेवल्यानं बौद्धिक घसरण आणि उदासी थोडी कमी झाली. इथं उजेड फुकट आहे. सकाळी ओट्यावर बसवणं एवढंच करायचं. आणि तिन्हीसांजेला, नेमक्या त्या अवघड वेळी, मराठवाड्यातल्या गावोगावच्या देवळांत हरिपाठ असतो. त्याचा रुग्णांवर काय परिणाम होतो, हे नीट मोजून पाहण्यासारखं आहे. ठरलेली वेळ, पाठ असलेले शब्द, हातात टाळ, दोन्ही बाजूंना ओळखीची माणसं. एखाद्या उपचारकेंद्रानं कार्यक्रम आखायचा म्हटला तर तो याहून फार वेगळा निघणार नाही.

नेदरलँड्समध्येच, वेस्प या गावी २००९ साली ‘होगेवेक’ नावाचं आख्खं गाव खास स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी उभं राहिलं. तिथं सहा-सात जण मिळून एका घरात राहतात. किराणा दुकान आहे, चौक आहे, नाट्यगृह, उपाहारगृह आहे. दुकानात काम करणारी माणसं प्रशिक्षित असतात. कुणी पैसे न देता साबण उचलून नेला तरी गडबड होत नाही. जगभरातून लोक ते पाहायला येतात. चुडाव्यातल्या कुणाला हे वर्णन ऐकवलं तर यात पाहायला काय जायचं, असं तो विचारील.

पण हा अभिमान फार ताणू नये. होगेवेकचं दार बाहेरच्या बाजूला बंद असतं, चुडाव्यात रेल्वेचे रूळ आहेत, विहिरी आहेत, रस्ता आहे. वाट चुकलेलं माणूस कुणी ना कुणी घरी आणून सोडतं हे खरं, तसंच शेतावर जाताना बाहेरून कडी लावून आजोबांना कोंडून ठेवलं जातं हेही खरं. सून मजुरीला गेली नाही तर त्या दिवसाचा रोज बुडतो. देवळात शिवी दिली, भलत्या जागी लघवी केली, की लोक कुजबुजतात आणि घरचे त्यांना बाहेर काढणं बंद करतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागे चालत हरवतात, आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखं सांभाळते. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पंडितांच्या मुलीला जे जड गेलं ते त्या बाईला जमलं, असं प्रेक्षक म्हणतात. मात्र तिच्याकडे ते वर्षानुवर्षं राहणार नव्हते.

हे सगळं करण्याआधी डॉक्टर मात्र गाठायलाच हवा. सगळंच विसरणं अल्झायमरचं नसतं. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, पडल्यानंतर मेंदूभोवती साचलेलं रक्त, यांमुळेही माणूस भ्रमिष्टासारखं वागतो आणि यांवर उपचार आहेत. माळ घातलेल्या, वर्षानुवर्षं शाकाहारी राहिलेल्या माणसाच्या बी-१२कडे तर आवर्जून पाहावं. नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि परभणीचं जिल्हा रुग्णालय दोन्ही आवाक्यातली आहेत. मानसिक आरोग्यासाठीची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर आणि ज्येष्ठांची ‘एल्डरलाइन’ १४५६७ वर मिळते.

गावातच काय करता येईल, याचं उत्तर सर्वांत जवळचं मिळतं ते गोव्यात. डॉ. अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथं ८१ कुटुंबांबरोबर एक चाचणी केली आणि २००८ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांनी केंद्र बांधलं नाही. स्थानिक माणसं निवडली, त्यांना गृहसल्लागार म्हणून तयार केलं, आणि ही माणसं सहा महिने साधारण पंधरवड्यातून एकदा घरी जात राहिली. आजार काय आहे ते समजावणं, चिडचिडीला कसं सामोरं जायचं, अंघोळ-कपडे यांची घडी कशी बसवायची, घरातल्या इतरांत काम कसं वाटायचं, असं त्यांचं काम. गरज पडली तर पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ होते. रुग्णांच्या वागण्यात आणि दैनंदिन क्षमतेत ठोस म्हणावा असा फरक दिसला नाही. सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य मात्र स्पष्टपणे सुधारलं.

चुडाव्यासारख्या गावात आशाताई घरोघर जातात. तिशीपुढच्या लोकांसाठी त्या जो तपासणी-तक्ता भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहेच: जवळच्यांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? उत्तर ‘हो’ आलं की दवाखान्याकडे पाठवायचं. त्यापुढचं, म्हणजे हरिपाठाला नेणार कोण, आणणार कोण, सून शेतात असताना दुपारी सूप घेऊन शेजारी बसणार कोण, हे त्या तक्त्यात नाही आणि लसीकरणापासून बाळंतपणापर्यंतची कामं उरकणाऱ्या आशाताईंवर ते लादणंही बरं नाही. बचत गटातली एखादी बाई किंवा निवृत्त शिक्षक मानधनावर हे करू शकेल. गोव्यातल्या सल्लागारांकडून अपेक्षा होती ती गावची भाषा येण्याची, थोड्या शिक्षणाची आणि म्हाताऱ्या माणसांसाठी काही करण्याच्या इच्छेची. त्यांचं प्रशिक्षण एका आठवड्याचं होतं.