कान्हेरीत, पाण्याच्या मागोमाग

मुंबईत बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्या चढून आलेला माणूस सहसा थेट तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात शिरतो. तिथे मोठं चैत्यगृह आहे, ओसरीच्या दोन्ही टोकांना सुमारे ७ मीटर उंचीचे उभे बुद्ध आहेत, फोटोही तिथेच चांगले येतात. शाळांच्या सहली बहुधा तिथूनच परत फिरतात. आम्हाला घेऊन आलेल्या ताईंनी मात्र त्या लेण्याकडे पाठ केली आणि आम्हा दहा-बारा जणांना ओढ्याच्या कडेकडेने वर नेलं. नक्षीचा मागमूस नसलेल्या एका साध्या विहारापाशी त्या थांबल्या. "ओसरीच्या बाजूला काय आहे ते बघा. मी जरा वेळ काही सांगणार नाही," एवढंच म्हणाल्या आणि खरंच गप्प राहिल्या.

तिथे कातळात खोदलेलं एक चौकोनी तोंड होतं आणि आत पाणी. पाऊस नुकताच संपला होता, त्यामुळे पाणी अगदी काठाशी आलेलं. तोंडाच्या कडेला, झाकण नीट बसावं अशी खाच. कुणी म्हणालं विहीर आहे, कुणी म्हणालं हौद. विहीर असेल तर झरा हवा, हौद असेल तर कुणीतरी भरायला हवा. ताईंनी एकच प्रश्न विचारला, "यात पाणी येतं कुठून?" आम्ही सगळे वाकून आत डोकावत होतो. तेवढ्यात आमच्यातले एक काका, ज्यांनी आयुष्यभर इमारतींची प्लंबिंगची कामं घेतली होती, ते मागे सरकले आणि वर बघायला लागले. लेण्याच्या माथ्यावरच्या कातळात एक अरुंद पन्हळ कोरलेली होती, उतार धरून तिरपी गेलेली. "वरचं पाणी दारावर पडू नये म्हणून बाजूला काढलंय," काका म्हणाले, "आणि बाजूला काढलंय ते इथे आणून सोडलंय." एकदा ती पन्हळ डोळ्यांना कळली आणि मग डोंगरभर पन्हळीच दिसायला लागल्या. पायऱ्यांच्या कडेने, लेण्यांच्या कपाळावरून, एका टाक्याच्या तोंडातून दुसऱ्याकडे. मी याआधीही कान्हेरीला आले होते. मला त्यातली एकही आठवत नव्हती.

प्राचीन अवशेष दाखवण्याची आपल्याकडची रूढ तऱ्हा मला अनेक ठिकाणी भेटली आहे. राजाचं नाव, शतक, उंची, रुंदी, मग एखादी दंतकथा, आणि 'चला, पुढे'. ऐकणाऱ्याच्या हाती आकडे लागतात, जागा लागत नाही. ताईंची रीत याच्या अगदी उलट होती आणि ती त्यांनी विचार करून ठरवलेली होती, हे दिवसभरात हळूहळू लक्षात आलं. शंभराहून अधिक लेण्यांपैकी त्यांनी त्या दिवसापुरती मोजकीच निवडली होती. लेण्यांचे क्रमांक त्यांनी पाळले नाहीत, काळाचा क्रमही पाळला नाही. डोंगरावर पडलेलं पाणी जसं जातं त्याच्या मागोमाग त्या आम्हाला नेत होत्या.

त्या रीतीमागचं कारण डोंगरातच आहे. या भागात वर्षाला दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. नंतरचे आठ महिने कोरडे. भिक्षूंची मूळ चाल फिरतीची, पावसाळ्यात तेवढं एका जागी राहायचं. पण इथे वस्ती बारमाही झाली आणि ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून जवळपास हजार वर्षं टिकली. एवढी माणसं एका डोंगरावर वर्षभर राहायची तर मेमध्ये प्यायला पाणी लागणारच. ज्या लेण्यांपाशी आम्ही थांबलो तिथे बहुतेक ठिकाणी ओसरीलगत स्वतःचं टाकं होतं. शिलालेखांत या टाक्यांना पोढी म्हटलं आहे. ओढ्यावर घातलेल्या जुन्या बंधाऱ्याचे अवशेषही वर आहेत. याच डोंगररांगेत इंग्रजांनी मुंबईसाठी १८६०मध्ये विहार तलाव पुरा केला, १८७९मध्ये तुळशी. शहराला तहान लागली तेव्हा तेही इथेच आले.

दगडाबद्दल ताई थोडक्यात बोलल्या, पण ते बोलणं पुढे फार उपयोगी पडलं. सह्याद्रीतली बहुतेक लेणी घट्ट काळ्या बेसॉल्टमध्ये आहेत. कान्हेरीचा दगड त्याचा भाऊबंद असला तरी जातीचा वेगळा आहे. ज्वालामुखीतून उडालेले लहानमोठे तुकडे राखेत रुतून घट्ट झालेला, खडबडीत. त्याच्यावर बारीक काम टिकत नाही. म्हणून मूर्तींचे चेहरे झिजलेले दिसतात आणि कोरीवकामावर कधीकाळी गिलावा होता हे लक्षात ठेवून बघावं लागतं. चौतिसाव्या लेण्याच्या छतावर रंगवलेल्या बुद्धाच्या खुणा अजून आहेत. तिथे ताईंनी आम्हाला तिघातिघांनी आत पाठवलं. बाकीचे बाहेर थांबले. चाळीस माणसांच्या गटात हे जमत नाही. चाळीस जणांना छत दाखवायचं म्हणजे दाराशी उभं राहून 'वर चित्र आहे' असं ओरडणं.

लहान गट असण्याचा खरा फायदा शिलालेखापाशी कळला. ताईंच्या पिशवीत एक विजेरी होती, ब्राह्मी अक्षरांचा एक कागद होता आणि बाकी पाण्याच्या बाटल्या. लेख ओसरीच्या भिंतीवर होता, भर दिवसा, आणि तरी कुणालाच दिसत नव्हता. समोरून उजेड पडला की खोल अक्षरंही सपाट होतात. त्यांनी विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपी धरली आणि उजेड कातळावरून सरपटत गेला. ओळीमागून ओळ वर आली. मग प्रत्येकाला कागदावरचं एक अक्षर वाटून दिलं आणि भिंतीवर ते शोधायला लावलं. 'क' सोपा, नुसती अधिकची खूण. 'ग' म्हणजे दोन उतरत्या रेघा. शाळकरी मुलगा होता आमच्यात, त्याने सगळ्यांच्या आधी चार 'क' शोधले. भिंतीला बोट लावायचं नाही, हे ताईंनी आधीच बजावलं होतं. बोट हवेत धरून अक्षर गिरवायचं.

या लेखांत बोलतात ती मुख्यतः राजेमहाराजे नसलेली माणसं. कल्याण, सोपारा, नाशिक इथले व्यापारी, गृहस्थ, भिक्षुणी. कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख इथे आहे. कल्याण ते बोरिवली हा आज लोकलचा प्रवास. सामिदतला तो खाडीने आणि पायी करावा लागला असणार. भिक्षूंच्या चीवरांसाठी कायमची ठेव ठेवल्याचेही लेख आहेत. मुद्दल अखंड ठेवायचं, उत्पन्नातून दरवर्षी वस्त्रं घ्यायची. 'अक्षयनीवी' म्हणत त्या ठेवीला. मठ चालायला श्रद्धा लागते तसा हिशोबही लागतो. तो हिशोब कातळावर कोरून ठेवलेला वाचताना मला त्या माणसांबद्दल फार आपुलकी वाटली. आपण दिलेलं बुडू नये एवढीच काळजी त्या अक्षरांत आहे.

अकराव्या लेण्यात ताईंनी आम्हाला बसायला लावलं. लांब दालन, आणि जमिनीतून तसेच राखून ठेवलेले दोन बुटके दगडी बाक, दालनाच्या लांबीइतके समांतर गेलेले. वेरूळच्या पाचव्या लेण्यात असेच आहेत. बाकाची उंची अशी की मांडी घालून खाली बसलं तर तो समोर मेजासारखा येतो. इथे काय चालत असेल, असं त्यांनी विचारलं. पठण, जेवण, सभा, सगळी उत्तरं आली आणि त्यांनी कोणतंच खोडलं नाही. मग त्यांनी नवव्या शतकातल्या लेखांबद्दल सांगितलं. राष्ट्रकूट अमोघवर्षाचा अंमल, कोकणात त्याचे मांडलिक शिलाहार, आणि पार गौड देशातून, म्हणजे बंगालच्या बाजूने आलेल्या एका उपासकाने इथल्या भिक्षूंसाठी दिलेले शंभर द्रम्म, म्हणजे त्या काळची नाणी. दुसऱ्या एका दानात डागडुजीचा आणि चीवरांचा खर्च वेगळा काढून एक द्रम्म ग्रंथांसाठी ठेवला आहे. एकच, पण ठेवला आहे. ते ऐकून आमच्यातल्या एक ग्रंथपाल बाई उठून पुन्हा त्या बाकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

गाइडचं काम बोलण्याचं, असं आपण समजतो. मी दिवसभर ताईंचं न बोलणंच बघत होते. चढावर त्या सगळ्यांत मागे चालत, सर्वांत हळू चालणाऱ्या आजींच्या बरोबरीने. दर थांब्यावर ओठ न हलवता डोकी मोजत. लेण्यांत मधमाश्यांची पोळी असतात म्हणून अत्तर लावून येऊ नका, हे त्यांनी आदल्या दिवशीच कळवलं होतं. कोणत्या वाटेवर शेवाळ आहे, हे तिथल्या रखवालदाराला विचारून मगच त्या वळत. काकडी विकणाऱ्या बाईंकडून काकड्या घ्यायला त्यांनी मुद्दाम थांबवलं आणि माकडांपासून दूर, एका ओसरीखाली उभं राहून खायला सांगितलं; साली कागदात गुंडाळून परत पिशवीत. दुपारच्या उन्हात कुणाचं लक्ष राहत नाही, म्हणून त्या वेळेला त्यांनी एकही तारीख सांगितली नाही. हे सगळं बघताना वाटलं, या कामाला शिकवणं म्हणावं की सांभाळणं. बहुधा दोन्ही एकत्र असल्याशिवाय ते होतच नाही.

नव्वदाव्या लेण्यापर्यंतची चढण बरीच आहे, पण तिथे दिवस सार्थकी लागला. आत अवलोकितेश्वराचा, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाचा, मोठा शिल्पपट आहे. मधे तो उभा, आणि दोन्ही बाजूंच्या चौकटींत संकटात सापडलेली माणसं त्याचा धावा करताहेत. हत्ती, सिंह, साप, आग, चोर, आणि बुडणारं जहाज. सोपाऱ्याहून गलबत हाकणाऱ्याला यातली शेवटची चौकट पुस्तकातली वाटली नसेल. आम्ही प्रत्येक चौकट ओळखेपर्यंत ताई थांबल्या.

मग त्यांनी विजेरी एका स्तंभाकडे वळवली. उभ्या ओळींतली, ओळखीची न वाटणारी लिपी. पहलवी. अशा नोंदी इथे आहेत, दोन १००९ सालच्या आणि एक १०२१ची. इराणी जरथुश्त्री पाहुणे इथे येऊन गेले आणि त्यांनी आपली नावं, दिवस, महिना, साल, सगळं लिहून ठेवलं. कान्हेरीची वस्ती तेव्हा उतरणीला लागलेली. म्हणजे ही माणसंही आमच्यासारखीच, डोंगर चढून बघायला आलेली.

शाळकरी मुलाने लगेच विचारलं, "मग त्यांनी नावं कोरली तर चालतं, आणि आपण कोरली तर दंड?" मोठी माणसं हसली, ताई हसल्या नाहीत. त्याच्यासमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, प्रश्न बरोबर आहे. तेव्हा कोरणाऱ्याला नवीन भिंत कोरता येत होती. आज या डोंगरावर एकही नवीन लेणं होणार नाही. जी भिंत आहे तेवढीच आहे, म्हणून प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या कायद्याने तिच्यावर काही कोरायला बंदी. मुलगा थोडा वेळ विचार करत उभा राहिला. मग त्याने विचारलं, "पण त्यांचं पुसायचं का?" "नाही, ते वाचायचं," ताई म्हणाल्या.

चढावर अजून पुष्कळ होतं. विटांचे स्तूप जिथे आहेत ती, भिक्षूंच्या अस्थी ठेवलेली लांब कपार आम्ही लांबूनच बघितली. एकेचाळिसाव्या लेण्यातला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर मात्र सोडला नाही. भारतात असं रूप दगडात क्वचितच दिसतं.

तिसरं लेणं शेवटी, गर्दी ओसरल्यावर. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं, दोघा व्यापारी भावांनी करवलेलं. आता आमची नजर तयार झाली होती. दर्शनी भिंतीवरची दांपत्यं, आतले चौतीस खांब, स्तूप, हे बघून झाल्यावर लोक आपणहून वर आणि कोपऱ्यात बघत होते. प्लंबिंगवाल्या काकांनीच विचारलं की काही खांबांना घडे आणि माथ्यावर प्राणी आहेत, बाकीचे नुसते अष्टकोनी का? काम अर्धवट राहिलं, ताई म्हणाल्या. का राहिलं, यावर आमच्यात बराच वाद झाला. पैसे संपले, भाऊ वारले, दगडच धड नव्हता. त्यांनी प्रत्येकाला आपलं म्हणणं खांबाकडे बोट दाखवून मांडायला लावलं. कुणाचंच पुरतं टिकलं नाही, पण दगडवाल्यांचं सर्वांत बरं टिकलं. त्यांनी न कोरलेल्या खांबांवरचे ठिसूळ तुकडे दाखवले.

छताच्या कमानीत ओळीने खोबण्या आहेत. तिथे लाकडी फासळ्या होत्या, आता एकही नाही. "त्या कशा दिसत असतील ते इथे उभं राहून नाही कळणार," ताई म्हणाल्या. "कार्ल्याला जा. तिथे लाकूड अजून जागेवर आहे." आजींनी लगेच विचारलं, तिथल्या पायऱ्या इथल्यापेक्षा जास्त आहेत का. जास्त आहेत, ताईंनी सांगितलं, पण पहाटे निघालं तर ऊन लागत नाही. बस येईपर्यंत कोण कोण येणार आणि कोणत्या रविवारी, याची चर्चा सुरू झाली. ग्रंथपाल बाईंना रविवार जमत नव्हता. त्यांना सुट्टी सोमवारी, आणि सोमवारी कान्हेरी बंद असते म्हणून आज त्या रजा टाकून आल्या होत्या.