गणिताची पदवी आणि कर्जाचा हिशेब

गणिताच्या पदवीसाठी कर्ज काढावे काय, याचे उत्तर पदवीपेक्षा तिच्यानंतरच्या वाटेवर अवलंबून असते. दहा लाख रुपयांचे कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांत फेडायचे, तर मासिक हप्ता सुमारे १३,२१५ रुपये पडतो. एकूण परतफेड १५ लाख ८५ हजारांच्या पुढे जाते. शिक्षण सुरू असताना सहसा हप्ता नसतो, व्याजाची आकारणी मात्र थांबत नाही. ते न भरल्यास कर्ज फुगते.

पदवीनंतर लगेच विमा वा वित्तक्षेत्रात चांगल्या वेतनाची नोकरी मिळाल्यास हा भार पेलता येतो. संशोधनाकडे वळणाऱ्याचे तसे नाही. ‘नेट’मधून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून घरभाडे भत्ता वगळता दरमहा ३७,००० रुपये आहे. वरील हप्ता तिचा एक तृतीयांशाहून अधिक भाग गिळंकृत करील. तोपर्यंतची एम.एस्सी.ची वर्षे तर बहुधा कमाईविनाच जातात.

म्हणूनच ज्याला गणितातच रमायचे आहे, त्याने महागड्या संस्थेच्या नावाला भुलण्यापूर्वी अनुदानित महाविद्यालयाचे माफक शुल्क जरूर विचारात घ्यावे. कर्जाचा हप्ता विद्यार्थ्याची आवड पाहत नाही. अनेकदा तोच त्याचा विषय सोडवतो.