पाणी दिसलं की उडी ठरलेली!
डोक्यावर कुरळ्या बटांचा झुपका, अंगभर चॉकलेटी कुरळे केस आणि शेपटी मात्र उंदरासारखी गुळगुळीत! आयरिश वॉटर स्पॅनियलचा लूकच एकदम हटके. डब्लिनच्या जस्टिन मॅकार्थींचा, १८३४ साली जन्मलेला ‘बोट्सवेन’ हा या जातीचा मूळपुरुष मानला जातो. स्पॅनियलमध्ये सगळ्यात उंच असलेल्या या गड्याचं काम एकच, शिकाऱ्याने पाडलेली बदकं थंडगार पाण्यातून उचलून आणायची. घरी पाळलात तरी त्याचा हा फंडा बदलत नाही. डबकं दिसलं, की साहेब आत! केस फारसे गळत नाहीत, पण विंचरले नाहीत तर जटा होतात. पोहून आल्यावर कानही कोरडे करायचे. रोज तासभर त्याला पळवायला, पोहायला न्यायला जमेल? तर जोडी जमली. फक्त वीकेण्डलाच मोकळे असाल, तर बिचाऱ्याला फोटोतच राहू द्या!