धुराड्यावाटे पळणारी ऊब

विलायती कादंबऱ्या वाचणाऱ्यांना आणि इंग्रजी चित्रपट पाहणाऱ्यांना फायरप्लेस काही नवी नाही. बाहेर बर्फ पडते आहे, भिंतीतल्या कोनाड्यात ओंडके धडधडत आहेत, समोर आरामखुर्ची आणि पायाशी पेंगणारे कुत्रे! चित्र मोठे मोहक खरे. पण त्यात आरामखुर्चीची पाठ दिसत नाही. तिला हात लावून पाहिले, तर ती गारठलेली असते.

लाकडात जेवढी उष्णता असते तिच्या शंभर भागांपैकी जेमतेम दहा-वीस भाग उघड्या फायरप्लेसमधून खोलीच्या वाट्याला येतात. बाकीची धुराबरोबर आभाळात जाते. एवढ्यावरही भागत नाही. विस्तवाला हवा लागते आणि ती तो खोलीतूनच ओढतो. जितकी ऊबदार हवा धुराड्यातून वर जाते, तितकीच बोचरी हवा दारा-खिडक्यांच्या फटींतून आत शिरते. म्हणूनच दिवाणखान्यात जाळ पेटला की मागच्या खोल्या अधिकच गार पडतात.

आपल्याकडचा तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. चार ढलप्यांवर घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी उरकत, कारण उष्णतेला बाहेर पडण्यापूर्वी पाण्याची भेट घ्यावीच लागे. फायरप्लेसमध्ये तिला असे अडवणारे कुणी नसते.

दोन बेंजामिन

ही उधळपट्टी दोघा चतुर माणसांच्या डोळ्यांत खुपली. योगायोग असा की दोघेही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे आणि दोघांचेही नाव बेंजामिन. पहिले बेंजामिन फ्रँकलिन. त्यांनी 1740 नंतरच्या दशकात लोखंडी शेगडी तयार केली. दुसरे बेंजामिन थॉम्पसन, म्हणजेच पुढे प्रसिद्धीस आलेले काउंट रम्फर्ड. 1796 साली त्यांनी सांगितले की कोनाडा उथळ करा, बाजूच्या भिंती तिरप्या करा आणि धुराड्याचा गळा आवळा. धूर कमी झाला, खोलीत ऊब अधिक येऊ लागली. पण कोनाड्याचे तोंड उघडे ते उघडेच राहिले.

त्या उघड्या तोंडांची किंमत लंडनने 1952 च्या डिसेंबरात मोजली. 5 ते 9 तारखांना दाट धुके पडले आणि घरोघरच्या शेगड्यांचा व कारखान्यांचा कोळशाचा धूर त्यात कोंडून राहिला. सरकारी अंदाजाप्रमाणे सुमारे 4,000 माणसे दगावली. पुढच्या संशोधकांनी तो आकडा 12,000 च्या आसपास नेला. 1956 साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. घरे हळूहळू गॅस आणि विजेकडे वळली. कोनाडे आणि धुराडी मात्र भिंतींत तशीच राहिली. आज त्यांतल्या काही कोनाड्यांत एक नवे बिऱ्हाड येऊ पाहत आहे.

भुशाच्या कांड्या

1973 साली खनिज तेल कडाडले तेव्हा अमेरिकेत आणि युरोपात पर्यायी इंधनाचा शोध सुरू झाला आणि लाकूडगिरण्यांतल्या भुशाकडे लक्ष गेले. भुसा वाळवून तो पोलादी साच्याच्या छिद्रांतून प्रचंड दाबाने काढतात. दाबाने तो तापतो, लाकडातले लिग्निन नावाचे द्रव्य मऊ होते आणि तेच डिंकाचे काम करते. अशा तयार झालेल्या, बहुधा 6 मिलिमीटर जाडीच्या, तोकड्या कांड्यांना पेलेट म्हणतात. चांगल्या वाळलेल्या सरपणातही शेकडा वीसच्या आसपास ओल असते; पेलेटमध्ये ती दहाच्या आत. एका किलोत विजेच्या बिलाच्या भाषेत सुमारे 4.8 युनिट उष्णता असते.

आपल्याकडे पूर्वी भुशाची शेगडी असे. मध्ये बाटली उभी धरून भोवती भुसा ठासायचा, बाटली अलगद काढायची आणि खालून पेटवायचे. पेलेटची शेगडी म्हणजे तिचीच शिकलेली नात!

कोनाड्यात काय बसवतात?

आधी धुराडे झाडून त्याला तडे नाहीत ना, हे तपासतात. मग त्यातून छतापर्यंत पोलादी नळी सोडतात. जुने धुराडे ऐसपैस असते. नव्या शेगडीचा धूर बेताचा आणि कमी तापलेला. रुंद, थंड धुराड्यात तो रेंगाळतो आणि त्यातल्या वाफेचे पाणी होऊन भिंतीत मुरते. नळीभोवतीची पोकळी पत्र्याने बंद केली की ऊब पळण्याची वाटही बंद होते.

कोनाड्यात काच लावलेली लोखंडी पेटी बसते. टाकीतल्या कांड्या फिरणारे मळसूत्र मोजून-मापून जाळाच्या वाटीत टाकते. विजेने तापणारी कांडी विस्तव पेटवते, एक पंखा धूर बाहेर ओढतो आणि दुसरा गरम हवा खोलीत सोडतो. शंभरातले ऐंशी-नव्वद भाग उष्णता पदरात पडते. साधारण आठ किलोवॉटची शेगडी पूर्ण जोरात चालली तर 15 किलोची पिशवी आठ तास पुरते. मंद ठेवली तर दिवसभर.

हिशेबाची दुसरी बाजू

पण गृहिणीने नाण्याची दुसरी बाजूही पाहावी. वीज गेली की बहुतेक शेगड्या थांबतात. पंख्यांची घरघर असते. राख वरचेवर काढावी लागते आणि वर्षातून एकदा कारागिराकडून साफसफाई करून घ्यावी लागते. धूर उघड्या जाळापेक्षा पुष्कळ कमी, पण अजिबात नाही असे नव्हे. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, म्हणून धोक्याची घंटा वाजवणारे यंत्र खोलीत हवेच. पेलेटच्या बंद, मोठ्या कोठारातही हा वायू साचतो आणि त्याने बळी घेतलेले आहेत.

शिवाय बाजाराची तऱ्हा निराळीच. 2022 साली रशियाने युक्रेनवर हल्ला केला, रशिया-बेलारूसचा माल बंद झाला आणि युरोपात पेलेटचे भाव दुपटीवर गेले. ‘स्वस्त इंधन’ म्हणून शेगडी घेतलेल्या घरांना तो हिवाळा चांगलाच झोंबला.

आपल्यापैकी अनेकांची मुले, सुना, भाचरे आज जर्मनीत, इंग्लंडात संसार थाटून आहेत. जुन्या घरातली फायरप्लेस बदलावी का, असे त्यांनी विचारले, तर सांगावे : आधी खिडक्यांच्या फटी बुजव, मग धुराडे दाखवून घे आणि त्या गावचा नियम विचार. जर्मनीत तर धुराडे-तपासनिसाच्या संमतीवाचून नवी शेगडी पेटवता येत नाही. शेवटी हेही विचारावे, की जाळ पाहायला हवा आहे की ऊब घ्यायला? दिवाळीत आपण पणती लावतो ती डोळ्यांच्या सुखासाठी. तिच्यावर कुणी चहा ठेवत नाही. नाताळच्या दिवशी घटकाभर ओंडके पेटवायचे असतील, तर उघडा कोनाडा खुशाल तसाच राहू द्यावा. पण घरात तान्हे मूल असेल, म्हातारी माणसे असतील आणि चार-पाच महिने थंडी काढायची असेल, तर त्या कोनाड्याला दार लावलेलेच बरे.