बॉनेटखालची साधी कामे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोटारीचे बॉनेट उघडून मालकाने स्वतः काही केले की वॉरंटी गेलीच, हा समज इतका रुजला आहे की वायपरची झिजलेली पट्टी किंवा धुळीने भरलेला एअर फिल्टर बदलण्यासाठीही गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली जाते. वॉरंटी म्हणजे निर्मितीतील दोष ठरावीक मुदतीत दूर करून देण्याची उत्पादकाची हमी असल्यामुळे, त्या दोषाशी संबंध नसलेल्या कामाचे निमित्त करून ती सरसकट नाकारणे न्याय्य ठरत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांविरुद्ध दिलेल्या आदेशात याच अंगाने विचार केला: स्वतंत्र गॅरेजमध्ये दुरुस्ती करून घेतली एवढ्याच कारणाने वॉरंटी रद्द करण्याची अट असू नये, मात्र सदोष दुरुस्तीमुळे नुकसान झाले असेल तर तेवढ्यापुरती ती नाकारता येईल. या आदेशाविरुद्ध पुढे अपिले झाली, शिवाय त्याचा रोख गॅरेजांवर होता, घरी केलेल्या कामांवर नव्हता. म्हणून वॉरंटीच्या काळात मालकपुस्तिकेतील अटी नीट वाचाव्यात, नेमून दिलेली सर्व्हिस चुकवू नये आणि विकत आणलेल्या भागांची बिले जपून ठेवावीत, हेच शहाणपणाचे.

इंजिन ऑइल काळे पडले म्हणजे ते निकामी झाले, हा दुसरा गैरसमज बराच खर्चिक आहे. या तेलात मळ धुऊन काढणारी आणि काजळी तरंगत ठेवणारी द्रव्ये मिसळलेली असतात, त्यामुळे ते काळे पडणे हे बहुधा ते आपले काम करत असल्याचेच लक्षण असते, आणि डिझेल इंजिनात तर नवे तेलही थोड्याच दिवसांत काळे दिसू लागते. तेल बदलण्याची वेळ रंगावरून नव्हे, तर पुस्तिकेत दिलेले किलोमीटर किंवा महिने यांपैकी जे आधी पूर्ण होईल त्यावरून ठरते. मालकाने पाहायची असते ती तेलाची पातळी. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून डिपस्टिक, म्हणजे तेलात बुडालेली मोजपट्टी, बाहेर काढावी, फडक्याने कोरडी पुसून पुन्हा पूर्ण आत सारावी आणि मगच दुसऱ्यांदा काढून वाचावी, कारण पहिल्या वेळी पट्टीभर उडालेले तेल खोटी पातळी दाखवते. तेलाची रेघ खालच्या आणि वरच्या खुणेच्या दरम्यान असली की पुरे. वरच्या खुणेपलीकडे तेल भरल्यास फिरता क्रँकशाफ्ट ते घुसळून त्याचा फेस करतो आणि फेसाळलेले तेल यंत्रभागांना नीट वंगण देत नाही.

टायरमधील हवेचा आकडा टायरच्या कडेवर वाचणे हीसुद्धा चूकच आहे, कारण तेथे लिहिलेला दाब हा त्या टायरची कमाल मर्यादा असतो. गाडीसाठी योग्य दाब बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर दिलेला असतो आणि तो टायर थंड असतानाच मोजायचा असतो.

कूलंटऐवजी साधे पाणी चालते, असे मानणाऱ्यांनी बोअरच्या जड पाण्याने बादलीवर धरणारा पांढरा थर आठवावा. तेच क्षार रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत साचतात, शिवाय कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये पाण्याने पातळ होतात. गरम इंजिनावरील रेडिएटरचे झाकण मात्र कोणत्याही कारणाने उघडू नये, कारण दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेले द्रव दाब सुटताच उकळून अंगावर उसळते.

आणि थोडी पुस्तिका वाचली की सगळेच घरी जमते, हाही गैरसमजच आहे. ब्रेक उघडणे, एअरबॅगच्या तारांना हात लावणे किंवा हायब्रिड व विद्युत मोटारींतील नारिंगी आवरणाच्या उच्चदाब केबलींशी खेळणे ही प्रशिक्षित कारागिराचीच कामे आहेत. गाडीसोबत मिळणारा जॅक केवळ चाक बदलण्यासाठी असून त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते. घरी तेल बदलणाऱ्याने वापरलेले तेल गटारात किंवा मातीत न ओतता बंद डब्यात साठवावे आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी पाठवणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे, कारण भारतीय नियमांनुसार असे तेल घातक कचऱ्यात मोडते.